देवाने उजवा दिला होता

मी पेणच्या एका कॉलेजात साहित्य शिकवते. तिसऱ्या वर्षाला ग्रीक शोकांतिका असते आणि परीक्षेला एक प्रश्न ठरलेला असतो: शोकांतिकेत दैव प्रबळ की माणसाची इच्छा, चर्चा करा. वर्षानुवर्षं मुलं एकच उत्तर लिहितात, दोन्ही. दोन्ही लिहिलं की कुणालाच वाईट वाटत नाही आणि गुणही पडतात. पेपर तपासताना मी चिडते, मनातल्या मनात बडबडते आणि गुण देऊन मोकळी होते. वर्गात मी तरी याहून वेगळं काय सांगत होते?

सांगत होते ते असं. एका माणसाला देवळातून कळतं की तुझ्या हातून अमुक एक भयंकर गोष्ट घडणार आहे. तो घाबरतो. ती घडू नये म्हणून घर सोडतो, गाव सोडतो, जीव खाऊन पळत सुटतो आणि पळता पळता नेमका त्याच गोष्टीच्या दारात जाऊन उभा राहतो. देवाने फक्त सांगितलं होतं, चालत तो स्वतःच्या पायांनी गेला. मग दोष कुणाचा? इथे मी खडू खाली ठेवते आणि वर्गाकडे बघते. हा माझा दर वर्षीचा नाट्यपूर्ण क्षण. दर वर्षी पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

या वर्षी, भात कापायला आलं होतं त्या दिवसांत, खाडीकडच्या एका मिठागरवाल्याच्या घरातल्या मुलीने हात वर केला. एरवी ही शेवटच्या बाकावर बसून डबा कधी उघडायचा याची वाट बघत असते. ती म्हणाली, "मॅडम, त्याने कौल परत का नाय लावला?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि मग हसता हसता थांबले.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. लग्न, विहीर, घराचा पाया, असं काही ठरवायचं असलं की आमच्याकडे गावदेवाला कौल लावून विचारतात. गुरव देवाला आंघोळ घालतो, मूर्तीच्या दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो: बाबा, असं असं आहे, तुझं काय म्हणणं? मग सगळे गप्प बसून त्या पाकळ्यांकडे बघत राहतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण डावी पडली म्हणून कुणी गाव सोडून पळत नाही. 'नीट बघ बाबा, पोराबाळांचा प्रश्न हाय,' म्हणून आणखी एक नारळ कबूल करतात आणि परत लावतात.

माझ्या धाकट्या भावाला धाटावच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती तेव्हा वडिलांनी असाच कौल लावला होता. डावा आला. आई म्हणाली, देव नको म्हणतोय. वडील म्हणाले, देवाला कंपनी म्हंजे काय ते कुठं ठावं हाय, त्याला समजवायला पायजे. मग त्यांनी गुरवाला बाजूला सारलं आणि देवाला स्वतः समजावलं, की शिफ्ट म्हणजे काय असतं, बस अगदी वेशीपर्यंत येते, पोरगा घरीच राहणार आहे. परत लावला, परत डावा. तेव्हा त्यांनी नारळावर कोंबडा चढवला आणि देव उजवीकडे वळला. भाऊ आजही तिथेच आहे, पर्मनंट झाला, ठणठणीत आहे. कोंबडा अर्थातच आम्हीच खाल्ला.

ही गोष्ट मी त्या दिवशी वर्गात सांगितली आणि पहिल्यांदाच त्या तासाला कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. ग्रीक माणूस देवाचं एकदाच ऐकतो आणि पळतो. आपला माणूस देवासमोर बसून घासाघीस करतो. म्हणून त्यांच्याकडे शोकांतिका झाल्या आणि आपल्याकडे नवस, असं एक वाक्य मला सुचलं. ते मला फार आवडलं. यावर एखाद्या चर्चासत्रात वाचायला निबंध होईल, असं मी वर्गातही बोलले आणि ते घोळवत घरी गेले. माणूस स्वतःवर खूश झाला की त्याने जरा सांभाळून राहावं, हे ग्रीकांनी सांगून ठेवलंय, आणि ते मी शिकवतेसुद्धा.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आई अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना मध्ये दोनदा टेकली, म्हणाला.

आमचं गाव रोह्याच्या अलीकडे. वडील गेल्यापासून आई भावाच्या कुटुंबात राहते. वय शहात्तर, पण शेतावर जाणं सुटलेलं नव्हतं. पनवेलला नेलं, तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आवळली आहे, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करता येईल, पण या वयात त्यात धोका आहे. नाही केलं तर दम वाढत जाईल, आणि किती दिवस ते कुणीच सांगू शकत नाही. "दोन्हीकडे धोका आहे. घरच्यांनी ठरवा, फक्त फार लांबवू नका."

आम्ही बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आलो. आई आत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ म्हणाला, "ताई, तू शिकलेली, तूच सांग."

"रोज तिच्याजवळ तू असतोस. तू सांग."

"मी काय सांगू? मी काय डॉक्टर हाय?"

"मग मी आहे का?"

असं आमचं किती वेळ चाललं देव जाणे. मी त्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि एक नर्स मला दोनदा म्हणाली, मावशी, बसून घ्या. बसवत नव्हतं. मला आई जगायला हवी होती, दुसरं काही नको होतं, आणि त्यासाठी 'करा' हा एक शब्द उच्चारायचा होता. तो मी भावावर ढकलत होते. माझा शब्द आणि उद्या टेबलावर काही झालं तर?

परतताना गाडीत आई मागच्या सीटवर डोळे मिटून होती. भाऊ हळूच म्हणाला, "कौल लावूया."

मी उसळले. एवढी वर्षं शिकवते, पोरांसमोर मोठमोठं बोलते, आणि आईच्या हृदयाचं पाकळीवर सोपवायचं? भावाने काही वाद घातला नाही. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मग तू सांग. तू सांगशील ते करू." नागोठणं मागे पडलं तरी मी काही सांगितलं नाही, आणि रोहा जवळ आलं तेव्हा म्हणाले, बरं, लाव.

पण लगेच काही झालं नाही. त्याच्या शिफ्टा, माझी कॉलेजची कामं, मध्ये एक अमावास्या. दरम्यान फोनचं मला वेड लागल्यासारखं झालं. ग्रीक नाटकात मरण रंगमंचावर दाखवत नाहीत. एक दूत धावत येतो आणि आत काय झालं ते सांगतो. हे मी कित्येक वर्षं अगदी रंगवून शिकवलं होतं. आता भावाचं नाव स्क्रीनवर दिसलं की हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. तो विचारायचा, ताई, गॅसची टाकी कुठून मागवतेस, आणि मी त्याच्यावर ओरडायचे की एवढ्यासाठी कॉलेजच्या वेळात फोन करतात का.

शेवटी दहाएक दिवसांनी, एका सकाळी, तो रात्रपाळी करून परस्पर देवळात आला, खांद्याला कंपनीची बॅग तशीच. मी पहिल्या गाडीने रोह्याला उतरून रिक्षाने पोचले. आईला सांगितलं नव्हतं. गुरव आमच्या ओळखीचा, वडिलांच्या कोंबड्याचा साक्षीदार. त्याने आमच्याकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाला, "आईच्या दुखण्याचंच ना?" गावात काय लपतं, म्हणून आम्ही मान हलवली. तो पुटपुटला, "एकाच गोष्टीला देवाला किती वेळा उठवायचं?" आम्हाला वाटलं, म्हातारा सकाळी सकाळी कुरकुरतोय.

त्याने आंघोळ घातली, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं: आईचं ऑपरेशन करायचं की नाय ते सांग. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. भाऊ जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी बघत होता. मी बघणारच नव्हते, आणि मी त्याच्यापेक्षा जास्त बघत होते. गाभाऱ्यात पाणी ठिबकत होतं. मग उजवी पाकळी हलली, सरकली आणि पडली.

"झालं," मी ताडकन उठून म्हणाले, "सांगितलं देवाने. करायचं." पाकळीवर काय सोपवायचं म्हणून गाडीत तणतणणारी ती मीच. भावाचा चेहरा मात्र उतरला होता. तेव्हा मला कळलं की त्याला डावा हवा होता. देवाला विचारायला तो आला नव्हता, देवाच्या तोंडून नाही वदवून घ्यायला आला होता. आणि मी?

"परत लाव," तो गुरवाला म्हणाला.

"परत कशाला? हो म्हणाला ना देव?"

"बाबांनी नाय परत लावला होता?"

गुरवाने परत लावला. या वेळी डावी पडली, आणि पटकन पडली. भाऊ मोकळा श्वास सोडून म्हणाला, बघ. मी म्हणाले, पहिला तोच खरा, दुसऱ्याने देवाला वैताग आला असणार. देवासमोर आम्ही दोघं, नातवंडं खेळवायच्या वयाला टेकलेली माणसं, बोरांवरून भांडणाऱ्या पोरांसारखे भांडलो. बोलता बोलता भावाचा आवाज फुटला. "टेबलावर गेली तर लोक मला विचारतील, ताई. तुला नाय विचारणार. तू पेणला. म्हणतील, पोराने नेलं आणि मारलं."

"आणि न करता गेली तर? मी मलाच विचारीन ना, आयुष्यभर."

गुरवाने ऐकलं, उरलेली पाकळी काढली आणि देवाच्या अंगावर तांब्या ओतला. "आता बस. देवाला जेवू दे," म्हणाला.

देवळाच्या पायरीवर चपला घालताना माझ्या लक्षात आलं ते मी इथे सरळ लिहिते. माझं ते घासाघिशीवरचं वाक्य दिखाऊ होतं. आम्ही कौल पुढचं कळावं म्हणून लावलाच नव्हता. पुढे काही झालं तर बोल कुणाच्या माथी जाऊ नये म्हणून लावला होता. ग्रीक नाटकातला माणूस सगळं देवाने घडवलेलं असूनही शेवटी म्हणतो, हे माझ्या हातून झालं. आम्ही सगळं आमच्या हातात असताना देवाकडे हात पुढे करून उभे होतो. तो पळणारा माणूस मला एवढी वर्षं जरा मूर्ख वाटत आला होता. त्या पायरीवर मला त्याची शरम वाटली नाही, माझी वाटली.

घरी आलो तर आई अंगणात उन्हाला बसून सुपात वालाचं बियाणं निवडत होती. भात निघालं की आमच्याकडे त्याच शेतात वाल टाकतात. भावजयीने चहा आणला. आईने आमच्या दोघांच्या कपाळावरचा अंगारा बघितला आणि किडका दाणा बाजूला टाकत विचारलं, "काय म्हणाला देव?"

आता खोटं काय बोलणार? भाऊ म्हणाला, "एकदा उजवा, एकदा डावा."

"मला तर उजवा दिलान."

पनवेलहून आल्यानंतरच्या सोमवारी, भाऊ कामावर असताना, ही बाई एकटी, वाटेत बसत बसत, देवळात जाऊन आली होती. नारळ ठेवून कौल लावला, एकदाच लावला आणि घरी आली. कुणाला बोलली नाही. मग गुरवाची ती कुरकुर माझ्या डोक्यात शिरली.

मला एवढा आनंद झाला की मी खाली तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. "मग झालं की गो आई. ठरलं. मी उद्याच डॉक्टरांना फोन करते."

"काय ठरलं?"

"ऑपरेशन. देवच हो म्हणतोय."

"देव व्हय म्हणतो," आई म्हणाली. "मी नाय म्हणते."

भावाने चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणाले, "असं कसं? मग विचारायला कशाला गेलीस?"

"विचारायला नको? एवढी वर्षं त्याच्या गावात राहिली. त्याने सांगितलं, मी ऐकलं, पाया पडली. ऐकलं म्हंजे करायलाच पायजे असं कुठं हाय?" मग तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "डाक्टरला इचारलंत, देवाला इचारलंत, एकमेकांना इचारलंत. हृदय कोनाचं हाय?"

खरंच नव्हतं विचारलं. तिच्या नावाची फाइल हातात घेऊन फिरलो, तिला बाकावर बसवून ठेवलं, गाडीत ती झोपली आहे असं धरून तिच्याविषयी बोललो. तिचं ऐकायचं राहून गेलं.

तिने मग जे सांगितलं ते फार लांब नव्हतं. वडील गेले ते पनवेललाच, आयसीयूच्या काचेच्या खोलीत. आई बाहेर उभी होती. त्यांनी हाताने पाण्याची खूण केली आणि तिला कुणी आत सोडलं नाही. "तो हात मी रोज बघते. मला काचेआड जायचं नाय. दम लागतो तर लागू दे, पानी मागितलं की द्यायला कोनतरी हाय." भाऊ पायरीवर बसला आणि बॅग मांडीवर घेऊन रडला. ते रडणं सुटकेचं होतं का दुःखाचं, त्यालाही माहीत नसावं. मी रडले नाही, मला राग आला होता. मी म्हणाले, तू घाबरलीस, म्हणून देवाचंही ऐकत नाहीस, आमचंही नाही. उपचार असताना असं बसून राहायचं?

तिने सूप हलवलं. "वालाला कोन पानी घालतो गो? भात काढून नेल्यावर जी ओल राहते तिच्यावर तो येतो. शेंग धरतो, दाना भरतो. ओल सरली की सरला. मला तेवढीच पुरे."

यावर काय बोलणार? बोलले तरीही. त्या दिवशी बोलले, पुढच्या शनिवारी बोलले, डॉक्टरांचा दुसरा सल्ला घेऊन त्याच्या पुढच्याही शनिवारी बोलले. दुसऱ्या डॉक्टरांनीही पहिल्यासारखंच सांगितलं, घरच्यांनी ठरवा. आता ठरलेलं आहे आणि तरी मी स्वस्थ नाही. तिने खरंच मोकळेपणी ठरवलं का? की कॉरिडॉरमध्ये आमचे दोघांचे चेहरे बघितले आणि पोरांच्या माथी बोल येऊ नये म्हणून तो स्वतःकडे घेतला? की ही नुसती त्या काचेची भीती? मोकळेपणी म्हणजे नक्की कशातून मोकळं होऊन माणूस ठरवतो? रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होते आणि सकाळी वर्गात जाते.

वर्गात त्या मुलीने एकदा विचारलं, मॅडम, ते कौलाचं पुढे लिहिलंत का? मी नाही म्हणाले. शिकवताना मी पूर्वी खडू खाली ठेवून थांबायचे, तिथे आता थांबत नाही, घाईने पुढे जाते. एवढी वर्षं मला वाटायचं की दैव हीच सगळ्यात जड गोष्ट, म्हणून तर ग्रीकांनी एवढी नाटकं लिहिली. पण दैवाच्या नावाने निदान बोटं तरी मोडता येतात. आईने जाणूनबुजून, शुद्धीत, वाल निवडत निवडत घेतलेल्या निर्णयाच्या नावाने बोटं कशी मोडायची? तिची मर्जी मला मान्य करायला हवी, मी तेच तर शिकवते. ती मला मान्य नाही. मला आई हवी आहे.

गेल्या शनिवारी गेले तेव्हा वालाला शेंगा लागल्या होत्या. आई शेतापर्यंत येत नाही आता. अंगणातच बाजेवर असते, बोलताना मध्ये थांबते, श्वास पुरा झाला की उरलेलं वाक्य बोलते. मी शेंगा घेऊन आले आणि आम्ही सोलायला बसलो. मी ठरवून गेले होते की आज विषय काढायचा नाही, आणि अर्ध्या टोपलीतच काढला.

"अजून वेळ गेलेली नाही आई. अजून होईल म्हणतात."

"व्हईल गो. नको पन."

"मग मी काय करू? नुसतं बघत बसू?"

ती थांबली. मला वाटलं दम लागलाय. पण ती विचार करत होती, मी काय करावं याचा, अगदी मनापासून.

"तू शनवारी येत जा," ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातातली शेंग घेतली, मी त्यातले दोन दाणे तसेच ठेवले होते ते काढले आणि टरफल मला परत दिलं.

आज गुरुवार आहे. परवाच्या गाडीची पिशवी मी सकाळीच भरून दाराशी ठेवली आहे.